कपाटातला चौसिंगा

आमच्या सरांसमोर 'हरीण' म्हणायची सोय नव्हती. "कुठलं? मृग की कुरंग?" असा प्रश्न लगेच यायचा. समोर प्राचार्य असोत नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पुतण्या असो, उत्तर मिळेपर्यंत ते पुढचं बोलणं चालू होऊ देत नसत. उत्तर बहुधा मिळायचं नाहीच. मग सरच सांगायचे. दरवर्षी शिंगं गाळतो तो मृग, म्हणजे सांबर, चितळ, भेकर. ज्याची शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात तो कुरंग, म्हणजे काळवीट, चिंकारा, चौसिंगा, आणि नावात गाय असली तरी नीलगायसुद्धा. मृगाचं शिंग भरीव हाडाचं, त्याला बहुधा फांद्या फुटतात. कुरंगाच्या शिंगात आत हाड आणि वर खोळ, म्यानात सुरी असते तशी. त्याला फांदी कधी फुटत नाही. एवढं सगळं सांगून झालं की पत्रिका हातात घेऊन म्हणायचे, "हं, आता बोला. लग्न कधी आहे?"

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे कोल्हापुरातल्या त्याच कॉलेजात, त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात नोकरीला लागले. म्हणजे आधी पाच वर्षं त्यांची बोलणी विद्यार्थी म्हणून खाल्ली आणि नंतर अकरा वर्षं पगार घेऊन. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की आता तरी जरा बरोबरीनं वागतील. त्यांनी मला 'अगं'वरून 'बाई'वर बढती दिली आणि त्याच सुरात म्हणाले, "बाई, पिशवीत हात घाला."

ही पिशवी म्हणजे सरांचं सर्वस्व. जाड मांजरपाटाची, दोन बंदांची, मूळचा रंग कुणालाच न आठवणारी. सकाळी तीत मंडईतली मेथी असायची आणि अकरा वाजता तीतच एखादं हाड. तोंडी परीक्षेला सर प्रश्न विचारत नसत. पिशवीत हात घालायचा, न बघता चाचपायचं आणि प्राणी ओळखायचा. "डोळे फसवतात," सर म्हणायचे, "अंगठा फसवत नाही. हातात घेतल्याशिवाय कुठल्याही हाडावर विश्वास ठेवायचा नाही, आणि हाडाचं नाव सांगणाऱ्या माणसावर तर मुळीच नाही." माझ्या परीक्षेला आत एक खूर होता आणि खुराला मेथीची दोन पानं चिकटली होती. मी रानडुक्कर म्हटलं. निघाली मेंढी. सरांनी मला काठावर पास केलं आणि पुढची सोळा वर्षं त्याची आठवण दिली.

संध्याकाळी ते गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचे. समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आख्खं कोल्हापूर जातं, पण सर आधी म्हशीच्या मागच्या पायाशी उकिडवे बसून खूर बघायचे. गवळ्यांना सवय झाली होती. "मास्तर, खुरं झाली का बगून? आता दूध घ्या, फेस बसाय लागला," असं एखादा हसत ओरडायचा. एकदा कट्ट्यावर कुणीतरी दाजीपूरला 'गवारेडा' बघितल्याचं सांगत होता. झालं. सरांनी मिशीला फेस तसाच ठेवून अर्धा तास घेतला. गवा म्हणजे रेडा नव्हे, त्याची सोयरीक गाईबैलांशी, म्हशीचं खानदान निराळं. शेवटी तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "मास्तर, चुकलं. मी कायबी बगितलं न्हाय. त्या दिवशी घरातच हुतो."

माणसांनाही ते याच पद्धतीनं लावून ठेवायचे. आमच्या ऑफिसातला एक कारकून कुणाच्या अध्यात ना मध्यात, सावलीसावलीनं चालणारा. त्याला सर 'पिसोरी' म्हणायचे. पिसोरी धड मृग नाही, धड कुरंग नाही, शिंगं नाहीत, इवलंसं अंग घेऊन झुडपाखाली आपलं आपण बसते. आणि स्वतःला ते कुरंगात धरायचे. "माझं मत म्हणजे काळविटाचं शिंग आहे," असं विभागाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगायचे. "एकदा आलं की आलं. गळत नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्यांच्या मतांनी तीन प्राचार्य जेरीला आणले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांचं पित्ताशय काढावं लागलं. मी बघायला गेले तर खाटेवर टेकून बसलेले, चेहरा पडलेला, पण आवाज तोच. "बाई, मृगांना पित्ताशय नसतं, कुरंगांना असतं. लक्षात आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग झालं तर. या डॉक्टरनं माझी तासाभरात बदली केली. आता मी मृगात." आणि टाके दुखत असतानाही स्वतःच्या विनोदावर हसले.

आता कपाटाकडे येते.

आमच्या विभागाच्या संग्रहालयात सगळ्या गोष्टी उघड्यावर. सांबराची शिंगं, भेकराचे सुळे, चिंकाऱ्याची कवटी, सगळं हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. कुलूपबंद कपाट एकच. त्यात काचेमागे एक लहानशी कवटी एका कुशीवर ठेवलेली, खालची बाजू तारेनं फळीला आवळलेली. डोक्यावर हाडाचे चार खुंट. खाली सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'चौसिंगा. नर.' चार शिंगांचा रानटी प्राणी जगात हा एकच, तो आपल्या देशात, आणि आपल्या कॉलेजात त्याची कवटी! सर नोकरीला लागले त्या वर्षी एका जुन्या शिकारी घराण्यानं माळा साफ करताना ती दिली होती. एका बाजूचं हाड डोळ्यापुढे चेचलेलं होतं, तिथे सरांनी स्वतः प्लॅस्टर भरलं. हाताळून खराब होईल म्हणून कुलूप घातलं आणि मग बत्तीस वर्षांत कुणी ती हातात घेतली नाही. सगळं हातात घेऊन बघा म्हणणाऱ्या माणसानं एवढी एकच वस्तू कुणाच्या हाती दिली नव्हती. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाला सरांचं नाव द्यायचं ठरलं. रविवारचा समारंभ. निमंत्रणपत्रिकेवर एका बाजूला सरांचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला चौसिंग्याचा. त्याच्या आदल्या आठवड्यात वनखात्याचा एक कर्मचारी आला. एका मेंढपाळाच्या वाड्यावर चार शिंगांची कवटी सापडली आहे, ताडून बघायला तुमच्या नमुन्याचा फोटो हवा, म्हणाला. मी मोठ्या तोऱ्यात त्याला कपाटापुढे उभं केलं. वर स्वतःहून सांगितलं, "आमच्या सरांचं निदान आहे. डोळे झाकून घ्या."

गुरुवारी सकाळी विभागाच्या पायरीवर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, पायाला धूळ, मांडीवर भाकरीचं गाठोडं, ते सोडलेलंही नव्हतं. मला बघून उठली.

"त्यो चार शिंगांचा फोटो हितनंच गेलाय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग माझा दादला सोडवा."

तिच्याकडून कळलं ते असं. ती कागलकडची. नवरा-बायको मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. त्यांच्या एका शेळीला चार शिंगांचा बोकड झाला होता. नवल म्हणून त्यांनी तो बिरोबाला सोडला, म्हणजे विकायचा नाही, कापायचा नाही. चार वर्षं तो कळपाच्या पुढे चालला आणि आजारानं मेला. त्याची कवटी त्यांनी देवाच्या काठीला बांधून बरोबर ठेवली. पावसापाण्यात शिंगांची खोळं गळून गेली, टोकं झिजली, आतले खुंट राहिले. कुणीतरी ते बघून कळवलं. चौसिंगा मारणं म्हणजे मोठा गुन्हा, वर्षानुवर्षं आत बसावं लागतं. नवरा मंगळवारपासून कोठडीत होता आणि सोमवारी त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं.

"रानात दीडशे मेंढरं हायती. सासऱ्यास्नी दिसत न्हाय, त्येंच्या भरवशावर टाकून आलीया," ती म्हणाली. "म्या सांगितलं सायबाला, बोकूड माज्या म्होरं जल्मलंय. त्येची आय आटली तवा म्या त्येला बाटलीनं दूध पाजलंय. शेळीच्या पोटाला काळवीट येतंय व्हय? तर सायेब म्हनला, कालेजातल्या मास्तरनं लिवून ठेवलंय."

मी सरांना फोन केला. वीस मिनिटांत ते पिशवी घेऊन हजर. टाके नुकतेच निघालेले, रिक्षातून उतरताना पोटावर हात. बाईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला. बोकड असेल तर अंगठा सांगेल."

वनाधिकारी तरुण होता, नीट बोलणारा. त्यानं जप्त केलेली कवटी टेबलावर ठेवली. सरांनी ती पिशवीत घातली, आत हात घातला आणि डोळे मिटले. मला ठाऊक होतं ते काय शोधत आहेत. चौसिंग्याला डोळ्यापुढे मोठी गंधग्रंथी असते. तिच्यासाठी हाडात खळगा असतो, अंगठ्याचं पेर बसेल एवढा. शेळीला तो नसतो.

"सपाट," सर म्हणाले. "बोकड आहे. सोडा त्या माणसाला."

"सर, तुमच्या शब्दाला मान आहे," अधिकारी म्हणाला. "प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतील, तोवर तुमचं लेखी मत कोर्टापुढे ठेवता येईल. पण एक अडचण आहे." त्यानं पंचनाम्याला जोडलेला फोटो पुढे सरकवला. कपाटातली कवटी, आणि खाली सरांचं अक्षर. "ही आणि ती एकसारखीच दिसतात. ही बोकड असेल तर ती काय?"

"तो चौसिंगा आहे."

"कशावरून?"

सरांनी फोटो जवळ ओढला. बत्तीस वर्षं त्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

"कॉलेजात चला," ते म्हणाले. "सगळेच चला."

कपाटाची किल्ली कुणाला सापडेना. शेवटी शिपायानं पेचकसानं कुलूप काढलं. सरांनी स्वतः तारा सोडल्या. कवटी त्यांनी पिशवीत घातली. मी म्हटलं, "सर, आता पिशवी कशाला? समोर तर आहे." ते म्हणाले, "समोर बत्तीस वर्षं होती, बाई."

त्यांनी डोळे मिटून हात आत घातला. प्लॅस्टरची बाजू सोडली. फळीकडची, कुणीच कधी न पाहिलेली बाजू शोधली. अंगठा थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. मेंढपाळाची बायको दाराशी गाठोडं धरून उभी होती.

"सपाट," सर म्हणाले. "हाही बोकड आहे."

मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू? त्या कवटीसमोर उभं राहून आमच्या कित्येक तुकड्या चौसिंगा शिकल्या होत्या. मीही शिकले, मीही शिकवला. आणि त्या कर्मचाऱ्याला डोळे झाकून घ्या म्हणून सांगणारी मीच होते.

अधिकारी भला माणूस. त्यानं हळूच सुचवलं, "सर, तुम्ही फक्त आमच्याकडच्या कवटीबद्दल लिहा. तुमच्या नमुन्याचा उल्लेख नको. रविवारी तुमचा समारंभ आहे असं कळलं." मीही लगेच री ओढली. म्हटलं, "हो सर, इकडची दुरुस्ती नंतर गुपचूप करू." माझ्या डोळ्यांपुढे पत्रिका होत्या, हार होते, आणि सरांची शोभा होईल ही धास्ती होती.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेंढीचा खूर आठवला.

"पंचनाम्यात माझं अक्षर आहे," ते म्हणाले. "सोमवारी कोर्टापुढे माझे दोन कागद जातील. एक म्हणेल अशी कवटी चौसिंग्याची, दुसरा म्हणेल बोकडाची. कोर्टानं कुठला धरायचा? आणि तोवर तो आत बसेल. माझ्या चिठ्ठीपायी." मग एकदम आवाज चढला आणि वर्गात कधी न येणारी त्यांची घरची बोली बाहेर आली. "शिकाऱ्यानं सांगितलं आन् म्या ऐकलं! हातात घेटलं, आन् अंगठा न्हाय फिरवला! जो खळगा बगायचा तिथंच प्लॅस्टर थापलं! पोरास्नी नापास करत बसलो बत्तीस वर्सं!"

आणि खुर्ची ओढून लिहायला बसले. पानभर मत लिहिलं. पहिलं वाक्य मला पाठ आहे: 'या कॉलेजच्या संग्रहालयातील चौसिंगा म्हणून ठेवलेली कवटी चौसिंग्याची नाही, ते निदान मी केले होते आणि ते चूक आहे.' त्यानंतर दुसऱ्या कवटीचं. सही ठसठशीत, नेहमीची. कागद अधिकाऱ्याकडे देऊन ते मेंढपाळाच्या बायकोपाशी गेले.

"बाई, तुम्ही बरोबर होता. मी चुकलो. तुमच्या माणसाला माझ्यामुळं त्रास झाला."

ती म्हणाली, "तुमच्याबी बोकडाला कुनीतरी दूध पाजलं असंल की, मास्तर. त्ये कुनी इचारलंच न्हाई." आणि इतक्या वेळानं गाठोडं सोडून तिनं अर्धी भाकरी सरांच्या हातावर ठेवली. पित्ताशयाच्या पथ्यात बसत नव्हती तरी सरांनी ती तिथेच उभ्यानं खाल्ली.

सोमवारी माणूस सुटला. कवटीही काही दिवसांनी परत मिळाली आणि देवाच्या काठीला पुन्हा बांधली गेली.

त्याआधीच्या रविवारी समारंभ झाला. रद्द करावा असं प्राचार्यांच्या मनात होतं, पण पत्रिका गेल्या होत्या. सर भाषणाला उभे राहिले ते पिशवी घेऊन. सगळ्यांसमोर प्राचार्यांना म्हणाले, "हात घाला." प्राचार्य बिचारे पत्रिकेवरचा फोटो आठवून म्हणाले, "चौसिंगा." "नापास," सर म्हणाले. "घाबरू नका, तुमच्याआधी मी नापास झालोय." मग कवटी बाहेर काढून त्यांनी सगळी हकीकत सांगितली, एक अक्षर न गाळता, आणि हॉलमध्ये पाठवून दिली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ती हातोहात फिरली. जो तो डोळ्यापुढे अंगठा फिरवून बघत होता. सरांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी सोडताना रिक्षात मी विचारलं, "सर, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. तीन रात्री झोप नाही." मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, "पण बाई, माझी बदली झालीय हे विसरलात. आता मी मृगात. मृगांची शिंगं गळतात."

गेल्या वर्षी सर गेले. पिशवी त्यांच्या मुलीनं मला आणून दिली, तळाशी मेथीच्या काड्या होत्या. आता तोंडी परीक्षा मी तीच पुढे करून घेते. कपाटाला कुलूप नाही. कवटी तिथेच आहे, फळीवर सुटी. शेजारी सरांची जुनी चिठ्ठी: 'चौसिंगा. नर.' त्यांनी तिच्यावर एकच रेघ ओढली होती, खालचं वाचता येईल अशी. तिच्याखाली त्याच वळणात लिहिलं होतं: 'बोकड. निदान चुकले होते. चुकणारा आणि दुरुस्त करणारा एकच.' आणि सही.

मध्यंतरी नवे प्राचार्य पाहणीला आले. म्हणाले, "मॅडम, ही खाडाखोड बरी दिसत नाही. काढून टाका, छान छापील चिठ्ठी लावू."

मी म्हटलं, "नाही काढता येणार. आमच्या सरांचं गळालेलं शिंग आहे ते. तेवढं एकच मिळालंय आम्हाला."